पंखांना आलेला शहारा

"ताई, डावीकडून वारा वाढलाय. इतक्यात विमान उलटं करू नकोस!" धुळ्याच्या धावपट्टीवरून निनाद रेडिओवर बहिणीला सांगत होता.

"कळलंय मला. डाव्या दंडावर शहारा आलाय," शर्वाणी वरून म्हणाली.

अपघातात दृष्टी गेल्यापासून तिला कुणी विमानाला हात लावू दिला नव्हता. मग निनादने आजोबांच्या काळातल्या एका दुपंखी विमानाच्या पंखांवर नवी कातडी चढवली. त्या कातडीला लागलेला वारा थेट शर्वाणीच्या हातांना जाणवायचा. आज हजारो लोकांसमोर उलटं उडत धावपट्टीवरच्या दोन खांबांमध्ये ताणलेली फीत पंखाने कापली, तरच तिला परवाना परत मिळणार होता.

वारा जरा ओसरताच तिने विमान उलटं केलं आणि खाली आणलं. तापलेल्या धावपट्टीची धग हातांवर चढू लागली.

"थोडं उजवीकडे... आता सरळ," निनाद म्हणाला.

तेवढ्यात डावीकडून वाऱ्याचा झोत आला. निनाद ओरडायच्या आत तिने पंख सावरलाही. मग कोपराजवळ कोळ्याच्या जाळ्याचा धागा अडकून तुटावा तसं झालं, आणि ती मोठ्याने हसत आभाळात चढली.

विमान थांबताच निनाद धावत आला.

"लोक उठून उभे राहिलेत का रे?" तिने विचारलं.

"लोकांचं सोड, ताई. परवाना देणारे साहेब खुर्चीवर चढून नाचतायत!"