बोर्डी, दोन दिवस

"आठ दिवसांत सात गावं?" नानांनी कागद शामच्या अंगावर फेकला. "समुद्र बघायचाय की इलेक्शनचा प्रचार करायचाय?"

शामने कागद उचलला. डहाणू, केळवा, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, गणपतीपुळे. मित्राची मारुती व्हॅन मिळाली होती, सियागंजच्या दुकानातून रजाही मिळाली होती. "नाना, एवढं लांब जायचं तर नीट बघून येऊ ना. फिर कब जाना होगा?"

"तुला मला आठ दिवस इंदूरबाहेर ठेवायचंय. सरळ बोल की!"

शाम चुरगळलेला कागद सरळ करत राहिला. पोरगा असं उत्तर टाळू लागला की नानांचा संशय आणखी बळावत असे.

मिल बंद होऊन चार वर्षं झाली होती. मिलच्या क्वार्टरांतली साठ घरं गेली, पाच उरली; त्यांतलं एक नानांचं. ज्या घराला कुलूप दिसलं ते मालकांची माणसं ताब्यात घेत आणि संध्याकाळच्या आत छप्पर उतरवत. ही पाच घरं होती तोवर जमीन विकता येत नव्हती, आणि जमीन आहे तोवर मिल पुन्हा सुरू होणार, असं नाना छाती ठोकून सांगत. टाइम ऑफिसात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस! लोक हसत. हसेनात का! एक्केचाळीस नंबरचं दार आपण जिवंत असेपर्यंत मालकांच्या हाती जायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि गेल्याच महिन्यात शेजारच्या मोहनरावांनी शामला पलासियाच्या चौकात बघितलं होतं. मालकांच्या मॅनेजरबरोबर चहा पीत होता. विचारलं तर म्हणाला, "अपना क्लासमेट है, नाना." क्लासमेट म्हणे!

समुद्र मात्र नानांना बघायचाच होता. अडुसष्ट वर्षांत धुळ्याच्या पुढे पाऊल पडलं नव्हतं. कुणी नुसतं नाव काढलं तरी जीव खालीवर व्हायचा.

प्रमोदिनी, शामची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, म्हाताऱ्या माणसाला रोज नव्या लॉजवर उतरवणार? सकाळी बॅगा भरा, संध्याकाळी सोडा. ह्याला फिरणं म्हणतात होय? एक गाव धरा. बोर्डी. समुद्र बघा, चिकू खा, परत या."

"तुला कुणी विचारलं?" शाम खेकसला.

"कुणीच नाही. ह्या घरात मला विचारतं कोण!" तिने पेन्सिल घेतली आणि सातही नावांवर काट मारली. खाली लिहिलं, 'बोर्डी, दोन दिवस.' "एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा. रविवारी निघा, बुधवारी घरी."

"चार दिवसांत काय होतंय?" शाम म्हणाला.

"पुष्कळ होतं," ती म्हणाली.

बारा वर्षांत सासऱ्याचं आणि सुनेचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं. सामाईक नळावरून भांडणं, संडासाच्या रांगेवरून भांडणं, तिच्या बहिणीसारखा नव्या कॉलनीत फ्लॅट हवा म्हणून तर रोजच. पण बाई भांडायची ती तोंडावर. चोरून चहा प्यायला जात नव्हती. नानांना आज ती पहिल्यांदा आपली वाटली.

"आणि दार?" त्यांनी विचारलं.

"मी थांबते ना. कस्तुरीची चौथीची परीक्षा आहे, पोरीला सोडून मी कुठे येणार?"

"परीक्षेनंतर जाऊ," शाम घाईघाईने म्हणाला. "तुम्ही दोघीही चला. मोहनकाका बघतील घर."

नानांनी मुलाकडे रोखून बघितलं. घर मोकळं करायला किती उतावीळ झालाय मेला! "रविवारीच निघायचं," ते म्हणाले. "आणि सूनबाई इथेच राहील."

मिलमध्ये चार्ज दिल्याशिवाय कुणी रजेवर जात नसे. शनिवारी नानांनी कोरा कागद घेतला आणि झोकदार अक्षरात लिहिलं, 'क्वार्टर नंबर ४१चा चार्ज माझ्या गैरहजेरीत सौ. प्रमोदिनी यांच्याकडे राहील. त्यांची सही ती माझी सही समजावी.' खाली सही, तारीख, वेळ.

"घराचा कसला चार्ज, नाना? लोग हँसेंगे," शाम म्हणाला.

"तुला का झोंबतंय?"

शाम पाय आपटत बाहेर गेला. प्रमोदिनीने कागद दोनदा वाचला आणि जपून ठेवून दिला.

वाटेत बापलेक पाच वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. रात्र बोर्डीच्या लॉजवर काढली. सकाळी सुरूच्या झाडांतून नाना पुढे आले आणि समोर पाणीच पाणी. अबबब! धोतर वर खोचून ते घोट्याएवढ्या पाण्यात दुपारपर्यंत उभे राहिले. शामने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, चिकू कापून दिले. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी शाम हळूच म्हणाला, "नाना, तुम्हाला आवडलंय. आणखी एक दिवस राहू या?"

"आलास ना मुद्द्यावर!" नाना कडाडले आणि ओल्या पायांनी तडक एसटीडी बूथवर गेले. क्वार्टरांजवळच्या किराणा दुकानात फोन लावून त्यांनी मोहनरावांना बोलावून घेतलं.

"काय मोहनराव, दार ठीक आहे ना आमचं?"



"नाना, ते लोक आले होते सकाळी. सूनबाईंनीच बोलावलं होतं. तुमच्या सहीचा कागद दाखवला, त्यांच्या कागदावर सही ठोकली आणि चाबी देऊन टाकली. टेम्पोत सामान भरून गेल्यासुद्धा. बहिणीच्या कॉलनीत फ्लॅट देतायत म्हणे मालक. क्या बताऊँ भिया, तुमचं छप्पर निम्मं उतरलंय."

नानांनी काचेतून बाहेर बघितलं. शाम त्यांच्या चपला हातात घेऊन उभा होता.

"आणि निरोप ठेवलाय तुमच्यासाठी," मोहनराव म्हणाले. "नानांना म्हणावं, आता कसली घाई नाही. सातही गावं सावकाश बघून या."