उजवीकडचा कॅमेरा

दाढी काही केल्या निघेना. डाव्या गालावरचा गोंद आज हटूनच बसला होता. मेकअपवाले काका तेलाचा बोळा फिरवत म्हणाले, "ओढू नका हो आजोबा. कातडी तुमची असली, तरी दाढी कंपनीची आहे."

त्यांचे हे आजोबा तेहतीस वर्षांचे होते.

"दोन-तीन महिन्यांचं तर काम" म्हणून ऐन उमेदीत ही दाढी त्याला चिकटली, ती सात वर्षं झाली तरी सुटायचं नाव घेईना. मालिकेतली त्याची सून त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. कॅमेऱ्यासमोर ती मान खाली घालून त्याला औषध द्यायची आणि 'कट' ऐकलं की म्हणायची, "ए पोरा, ऊठ माझ्या खुर्चीवरून." मिशी सुटू नये म्हणून तो चहा नळीने प्यायचा. एकदा वाढदिवसाच्या प्रसंगात मेणबत्त्या फुंकायला वाकला आणि दाढीची डावी बाजू चिमटीभर जळाली. काकांनी कातरून सारखी केली, पण खाच राहिलीच. तेव्हापासून आजोबांना कॅमेऱ्यात उजवीकडूनच घ्यायचं, असा दंडक पडला.

घरी लेक वाट बघत असायची. त्याची नव्हे, आजोबांची. चार वर्षांची ती चिमुरडी रोज एक बिस्किट टीव्हीपुढे ठेवायची, आजोबांसाठी.

"अगं, तो मीच आहे," त्याने कितीदा सांगून पाहिलं.

"थापा! आजोबा केवढे शहाणे आहेत." मग त्याच्या लाल झालेल्या गालाला आपल्या इवल्या बोटाने तेल लावत ती विचारायची, "बाबा, तू कधी रे येणार टीव्हीत?"

हा प्रश्न त्याला गोंदापेक्षा जास्त झोंबायचा.

तो "आई गं" करत सोफ्यावर टेकला की बायको म्हणायची, "अरे, कट झालं. कंबर सरळ कर. घरात म्हातारा नकोय मला."

"सोडतोच आता."

"वर्षभर सोडतोयस. दुसरं काही बघ तरी."

"बघू काय? माझं तोंड कुणी पाहिलंय?"

पण त्याने बघितलं होतं, गुपचूप. करारात दुसरीकडे काम शोधायला मनाई होती, म्हणून कास्टिंगच्या ऑफिसात त्याने आजोळचं नाव आणि आडनाव सांगितलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "याआधी कुठे दिसलायत?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

बाई खूश झाल्या. "झकास! आम्हाला कोराच चेहरा हवाय. वय तिशीचंच हवं, तासन्‌तास उभं राहायचं असतं. भूमिका म्हणाल तर अख्ख्या घराचा कणा."

संवादाच्या कागदावर ना मालिकेचं नाव, ना पात्रांची. बातमी फुटू नये म्हणून मोठ्या मालिकांची हल्ली हीच रीत. सगळं गमावून घरी परतलेल्या एका माणसाला धीर द्यायचा होता. तो अगदी आतून बोलला. कॅमेरा बंद झाल्यावर बाईंनी डोळे टिपले.

"हे वजन कुठून आणलंत हो, या वयात?"

त्याने सवयीने वाकलेली कंबर सरळ केली. आठवडाभराने फोन आला: निवड पक्की.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो निर्मात्यासमोर जाऊन उभा राहिला. दाढी लावूनच, त्याशिवाय निर्मात्याने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पगार वाढवतो म्हणाले तर, हातापाया पडले तर, कोर्टात खेचतो म्हणाले तर. पण तोंड उघडलं आणि सवयीने आजोबांचाच थरथरता आवाज बाहेर पडला. "मी थांबतोय आता."

"बरं," निर्माता मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे जा. वर्षभर तुम्हीच तर टुमणं लावलंय."

"मग... आजोबांना मारणार?"

निर्माता पहिल्यांदाच हसला. "आजोबा मरत नसतात हो. चार भाग हॉस्पिटलात झोपतील, की झालं."

सात वर्षांची किंमत एक 'बरं'! तो चरफडत मेकअपरूममध्ये आला. काकांनी शेवटच्या वेळी दाढी उतरवली, नीट विंचरली, डब्यात ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. "नव्या ठिकाणी सांभाळून राहा, आजोबा."

"आजोबा संपले, काका. आता उघड्या तोंडाने जगणार."

नव्या भूमिकेसाठी चेहरा रंगवून बघायचा होता, त्या दिवशी त्याने लेकीलाही सोबत नेलं. कास्टिंगच्या ऑफिसातच मागे छोटीशी मेकअपरूम होती. लेक उंच खुर्चीवर बसून पाय हलवत होती. टाचा लाकडावर आपटत होत्या, टक टक टक.

"आज बघ हं," तो म्हणाला, "टीव्हीतला बाबा."

"खरा खरा?"

"अगदी खरा."

मेकअपवाली नवी, चटपटीत होती. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला. "हाडं छान आहेत. काहीही शोभेल यावर. गालांना पुरळ कसलं हे?"

"जुनं दुखणं. जाईल आता."

"डोळे मिटा. हलू नका."

त्याने डोळे मिटले. गालांवरून ऊन ऊन ओला टॉवेल फिरला. मेकअपच्या खुर्चीत किती वर्षांनी या गालांना मोकळी हवा लागत होती! उद्या रस्त्यात कुणीतरी थांबवेल, म्हणेल, तुम्हाला पाहिलंय कुठेतरी. लेकीचं बिस्किट आता त्याचं.

शेजारी डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. टाचांची टकटक थांबली.

"आजोबा!" लेक आनंदाने किंचाळली.

त्याने डोळे उघडले.

"जपून हं," मेकअपवाली डब्यातून दोन्ही हातांनी अलगद काहीतरी उचलत म्हणाली, "जुनी आहे. डावीकडे जराशी जळलीय. पण काळजी करू नका, तुम्हाला उजवीकडूनच घेतात."