खरंखुरं चरणं

पणजोबा तुकाराम गुराखी, आजोबा महिपत गुराखी, वडील मोरूही गुराखीच. स्वरूप मात्र मोबाईलवरच्या प्राणिसंग्रहालयाचा मालक झाला.

“आजी, या खेळातली हरणं चरतच नाहीत गो. सगळी एका गव्हाणीला चिकटून उभी,” तो कुरकुरत होता, तोच शेजारचा दाजीबा तणतणत अंगणात आला.

“काकी, तुमच्या गायीने माझा पावटा सपाट केला. कोंडवाड्यात घालतो तिला.”

“मुकं जनावर ते, चरायचंच,” गोदाआजी शांतपणे म्हणाली. “गेल्या साली तुझ्या म्हशीने माझा कुळीथ फस्त केला, तेव्हा हे तूच म्हणालास ना?”

दाजीबा मान खाली घालून परतला. स्वरूप ओशाळला. “खेळाच्या नादात दावं नीट बांधलं नाही वाटतं मी.”



“चांगलं घट्ट बांधलं होतंस. गाठ सोडताना माझं नख मोडलं, पण कुळीथ पुरता वसूल झाला.”