चौकातली पाइपलाइन

"आधी क्रेन पुढे येऊ द्या," फिटर तिसऱ्यांदा म्हणाला. "पाइप पुतळ्याखाली फुटलाय."

काल मोर्चाने दोर लावून पाडलेला पुतळा चौकात पालथा पडला होता. शहरात नळ आणणाऱ्या नगराध्यक्षाचा. त्याच्या खांद्याखालून पाणी उसळत होतं आणि थेट गटारात जात होतं. फिटर सकाळपासून गुडघाभर चिखलात उभा होता.

"उचलायचा तर चौथऱ्यावरच बसवायचा," निवृत्त हेडमास्तर म्हणाले. फिटर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "भंगारासारखा ट्रकमध्ये टाकू देणार नाही. या माणसाने आपल्याला पाणी पाजलंय."

"काका, हात लावू नका," समोरच्या मोर्चेकऱ्यांच्या घोळक्यातून फिटरची पुतणी म्हणाली. "परत बसवणार नाही असं लेखी मिळेपर्यंत नाही. या लाइनचा चर खणताना दरड कोसळली तेव्हा याने आत गाडली गेलेली माणसं उकरूसुद्धा दिली नाहीत. वरून माती लोटली आणि काम पुढे रेटलं. माझे पणजोबा त्यात होते."

"तुझे पणजोबा म्हणजे माझे आजोबा. मला सांगतेस?" फिटरचा आवाज चढला. "त्यांनी टाकलेली लाइन आहे ही. तीच फुटलीय."

पुतणीचे डोळे भरून आले. पण क्रेनच्या वाटेतून ती हलली नाही.

फिटर मास्तरांकडे वळला. "सर, पुढच्या गल्लीत प्रसूतिगृह आहे. त्यांची टाकी दुपारपर्यंत पुरेल. नंतर काय?"

"मला कळत नाही का रे? तिला समजाव."

"मास्तरांना समजवा," पुतणी म्हणाली.

तेवढ्यात नगरपालिकेतून साहेबांचा फोन आला. पुतळ्याचा निर्णय सोमवारच्या सभेत. तोवर मुख्य व्हॉल्व्ह बंद कर.

"साहेब, आज गुरुवार आहे. एवढी घरं कोरडी ठेवायची?"

"उगाच वाद नको. बंद कर."

फिटरने गाडीतून लांब चावी काढली. कोपऱ्यावरचं झाकण उचललं, चावी बसवली आणि अंगाचा भार टाकून फिरवू लागला. व्हॉल्व्ह जुना, हट्टी. तीन वेळा हात सटकला, बोटाची साल निघाली. एका बाईने रिकामी कळशी त्याच्याशेजारी टेकवली आणि तिथेच उभी राहिली.

उसळी बसत गेली. धार झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

पाण्याचा आवाज गेला, तसं चौकातलं मास्तरांचं आणि पुतणीचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येऊ लागलं.