दादाचे बूट

दादाची बोट बुडाली, पण तो सापडला नाही. म्हणून मृत्यूचा दाखला मिळेना आणि आईला पटेना. ती रोज त्याचे बूट पॉलिश करून दारात ठेवते. घरात कमावता भाऊ असला की माझी शिष्यवृत्ती बंद, म्हणून तपासणीला साहेब येणार होते. मी बूट पलंगाखाली दडवले. साहेब आले तर बूट पुन्हा दारात. "हे कुणाचे?" "माझ्या लेकाचे," आई कौतुकानं म्हणाली. "येईलच इतक्यात." साहेब माझ्याकडे वळले. "अर्जात भाऊ वारला म्हणून लिहिलंय. खरं काय ते आईंसमोर सांगा." आईच्या हातातलं फडकं थांबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खोटं लिहिलं," मी म्हणाले. अर्जावर फुली मारून साहेब गेले. आईनं त्याच फडक्यानं माझे डोळे पुसले. "रडतेस काय, वेडे? दादा आला की भरेल तुझी फी."