दोन सीटांची गाडी

इंजिन बंद केल्यावर कानिफनाथला आठवलं, की ते बंद करायचं नव्हतं.

विठा घाटाच्या मधल्या वळणावर एक जीपवाला शेजारून चालला होता. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "दादा, ॲव्हरेज किती देती?" जीपवाला वयानं मोठा होता. मोठ्या माणसाला इंजिनाच्या गोंगाटात ओरडून उत्तर देणं कानिफनाथला उद्धटपणाचं वाटे. म्हणून त्यानं किल्ली फिरवली. घाट शांत झाला. गाडीचा स्टार्टर हैदराबाद सोडतानाच गेला होता.

"ॲव्हरेज अजून कळलं नाही," कानिफनाथ नम्रपणे म्हणाला. "आणि जरा धक्का मारता का?"

जीपमधली सगळी माणसं उतरली. कानिफनाथच्या शेजारच्या सीटवरून त्याची बायको पंकजाही उतरली. उजव्या मागच्या दिव्यापाशी तिची जागा हैदराबादपासून ठरलेली होती.

"पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नुसती मान हलव," ती बाह्या सारत म्हणाली.

"ॲव्हरेजला मान कशी हलवायची?"

तिनं जोर लावला.

असंच सोलापुरात झालं होतं. तिथं नवरदेव घोड्यावर थांबून राहिला आणि अख्खा बँड गाडी ढकलायला आला, ढोलकरी ढोलासकट. मिरजगावला ऊसतोडीची टोळी आली. राहुरीजवळ शिंगणापूरहून परतणाऱ्या भक्तांनी हात लावला. साडेसाती गाडीची आहे की मालकाची, यावर त्यांचं एकमत झालं नाही, पण ढकललं सगळ्यांनी. संगमनेरला प्रार्थना सुटल्यावर चर्चमधल्या बायका निघाल्या होत्या. त्यांच्या पुढारी रोझीबाई. त्यांनी एक गीत धरलं आणि गीत संपेपर्यंत गाडी सोडली नाही. इंजिन पहिल्याच कडव्याला सुरू झालं होतं. कानिफनाथनं दर वेळी मागं वळून हात जोडले. हात जोडताना स्टिअरिंग सुटायचं, ते पंकजा धावत येऊन धरायची.

गाडी लाल होती, विलायती होती, तिला छप्पर नव्हतं आणि ती त्याच्या वडलांच्या वयाची होती. चाकणच्या कारखान्यात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवल्यावर कानिफनाथनं ही स्वतःसाठी हैदराबादच्या एका माणसाकडून घेतली. दिवाळीत त्यानं घरी फोटो दाखवला. वडील भिमाजी, ज्यांना घर आणि वाडी दोन्ही नाना म्हणत, फोटो बराच वेळ बघत राहिले.

"दोनच सीटा," नाना म्हणाले. "आईबाप कुठं बसवनार? टपावर? टप बी न्हाई."

त्यानंतर ते कानिफनाथशी बोलले नाहीत. फोन आला की शेजारी बसून आईला सांगायचे, "त्याला इच्यार जेवला का." फोन स्पीकरवर असायचा. तरी आई लंकाबाई विचारायची, "नाना इच्यारत्यात जेवला का." कानिफनाथ म्हणायचा, "त्यांना सांग, जेवलो." आणि नाना म्हणायचे, "बरं म्हन त्याला."

घाट संपला. राजूर मागं पडलं. वाडीची चढण समोर दिसायला लागली, तसा कानिफनाथचा आवाज बारीक झाला.

"नाना उठलेसुद्धा नाहीत, तर गाडी वळवायची आणि तशीच परत हैदराबादला, ज्याची त्याला."

"रिव्हर्स पडत नाही," पंकजा म्हणाली.

वर घर दिसलं. अंगणात लंकाबाई नारळ आणि कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. नाना ओट्यावर बसले होते, रस्त्याकडं पाठ करून. पाठ अगदी सरळ होती. कानिफनाथनं पहिला गिअर टाकला. गाडीनं निम्मी चढण न कुरकुरता कापली. नानांनी मान वळवली नाही. आणखी थोडी कापली. नाना भिंतीकडंच बघत होते.

अबोला आपल्या जागी होता. पण दारात गाडी येतेय आणि ॲव्हरेज विचारायचं नाही, हे नानांना शेवटपर्यंत जमलं नाही. ते गर्रकन वळले.

"कानिफा! ॲव्हरेज किती देती?"

मध्ये लंकाबाई नव्हती. "त्याला इच्यार" नव्हतं. पंकजानं त्याचा हात घट्ट धरला. "नको," ती कुजबुजली, "चढण आहे." पण दिवाळीपासून पहिल्यांदा नानांनी त्याला सरळ काही विचारलं होतं, आणि त्यांना इंजिनाच्या गोंगाटात ओरडून उत्तर देणं शक्यच नव्हतं. कानिफनाथनं किल्ली फिरवली.

वाडी शांत झाली. मग गाडी अगदी सावकाश, अदबीनं, मागं सरकायला लागली. ब्रेकही नानांच्या वयाचे होते.

"आरं धर! धर तिला!" नानांनी हातातली काठी टाकली, ओट्यावरून उडी मारली आणि उतारावरून पळत येऊन गाडीच्या मागं खांदा दिला. गाडी थांबली. पंकजा दार उघडून उतरली. गाडी इंचभर वर चढली. मग हातभर.

"किलोमीटरला चार मानसं देती, नाना," कानिफनाथ पुढं बघतच म्हणाला. मागं बघायची त्याची हिंमत नव्हती. हात मात्र जोडलेले होते.

मागून नानांनी आणखी एक रेटा दिला.

"मंग तुझ्या आईला बसव पुढं," नाना म्हणाले. "मला शीट कशाला पायजे? माझी जागा घावली."

"नाना, जरा डावीकडं सरका," पंकजा बाह्या सारत म्हणाली. "या दिव्यापाशी मी असते."