सत्काराची शाल

"पंजा गेला, पण आमच्या लंकाताईंचं हसू गेलं नाही!" महिला दिनाला कारखान्याच्या मालकांनी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. लंकाच्या खांद्यावर शाल आली, डाव्या हातात नारळ.

तिचं डोकं भणाणलं. प्रेस मशीनने उजवा पंजा खाल्ला, तेव्हापासून ती एकच मागत होती, मशीनला जाळी लावा. आता त्याच उघड्या मशीनवर विशीतली प्रतीक्षा काम करत होती.

नारळ टेबलावर आपटून तिने माइक ओढला. "मालक, जाळी कधी लावताय?"

"आज आनंदाचा दिवस, ताई. नंतर बघू."

"नंतर म्हणजे या प्रतीक्षाचाही सत्कार केल्यावर?"

मंचावरून उतरून ती थेट मशीनपाशी गेली. खांद्यावरची शाल तिने मशीनवर पांघरली आणि पुढ्यात स्टूल ओढून बसली.

"जाळी लागेपर्यंत ही शाल काढायला कुणाचा हात पुढे येतो, बघतेच मी."